कंसाचे उडते मुंडके

जुने कृष्णधवल भयपट म्हटले की आमच्या रेल्वेतल्या मंडळींना १९३१ चा हॉलिवूडचा ड्रॅक्युला आठवतो. मला त्याआधीचा, १९१८ सालचा कंस आठवतो. ‘श्रीकृष्णजन्म’ या मूकपटात त्याला चहूबाजूंनी कृष्णच कृष्ण अंगावर येताना दिसतात आणि त्याचे मुंडके धडावेगळे होऊन अधांतरी वर जाते. ही किमया धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांची.

त्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. शिक्षण जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा काढला. त्याच गावात प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल नेले. मग बडोद्याला धंदा काढला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी भीती लोकांत पसरली! पुढे ते एका परदेशी जादूगाराकडून जादू शिकले आणि आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करू लागले. चित्राला माणूस किती घाबरतो हे बडोद्याने शिकवले, नजर कशी चुकवायची हे जादूने, असे मला वाटते.

त्या काळी संगणक नव्हता. मागे काळा पडदा लावायचा, एकदा चित्रण करायचे, फिल्म उलटी फिरवून तिच्यावरच पुन्हा करायचे. हँडलचे फेरे चुकले की सगळे वाया. आम्हा डिप्लोमावाल्यांना या मोजणीचे मोल लगेच कळावे!

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सर्वांना ठाऊक आहे. त्यातले स्मशान म्हणजे आपल्या काशीचे. पण खुद्द दादासाहेबही १९२० च्या सुमारास भागीदारांशी बिनसल्यावर कंपनी सोडून सहकुटुंब काशीला येऊन राहिले होते, हे इथल्या किती मराठी घरांना माहीत आहे? कॅमेरा बाजूला पडला, आणि इथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ते पुढे चालले नाही आणि ते पुन्हा नाशिकला चित्रपटाकडे वळले. शेवटचा आणि एकमेव बोलपट मात्र ‘गंगावतरण’ (१९३७). १९४४ साली नाशिकला ते गेले.

त्यांच्या बहुतेक फिल्म्स नष्ट झाल्या. जुनी नायट्रेट फिल्म, रेल्वेच्या भाषेत ज्वालाग्राही माल. कंसाचा तुकडा सुदैवाने उरला आहे. विसर्जनाच्या आदल्या रात्री शिंदे घाटावर पडदा लावून, दिवे मालवून तो मुलांना दाखवावा, अशी समितीला माझी सूचना आहे. प्रोजेक्टरची व्यवस्था मी करतो.