डिंक, माती आणि दीड लाख रुपये

शांतिस्वरूप भटनागर हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणींनी शास्त्रज्ञांच्या पुरस्काराच्या बातमीत वाचलं असेल. मला ते लक्षात राहिले ते वेगळ्याच कारणाने. बाळंतिणीच्या लाडवात आपण डिंक घालतो ना, तसल्या साध्या डिंकाने त्यांनी एका तेल कंपनीचं कोडं सोडवलं आणि त्याचे पैसे मात्र घरी आणले नाहीत.

जन्म २१ फेब्रुवारी १८९४ चा, पंजाबातल्या भेरा गावचा. ते गाव आता पाकिस्तानात आहे. मूल आठ महिन्यांचं असताना वडील वारले. मग बालपण आजोळी, उत्तर प्रदेशातल्या सिकंदराबादला गेलं. आजोबा इंजिनिअर, त्यामुळे यंत्रांची गोडी तिथेच लागली. पुढे लाहोरला शिक्षण, १९१५ साली लाजवंतीशी लग्न. शिष्यवृत्ती मिळाली होती अमेरिकेसाठी, पण पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. जहाजं परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी भरलेली. म्हणून लंडनलाच राहिले आणि १९२१ साली तिथे डी.एस्सी. झाले.

तिथे त्यांचा विषय होता, तेल आणि पाणी एकत्र कसं नांदतं. हे आपल्या बचत गटातल्या बायकांना चांगलं ठाऊक आहे. पांढरं फिनेल करताना तेलकट अर्क पाण्यात ओतला की दुधासारखा रंग येतो. तेल काही विरघळत नाही. त्याचे अगदी बारीक थेंब होतात, प्रत्येक थेंबाला साबणासारख्या पदार्थाचा लेप बसतो, आणि त्या लेपामुळे थेंब एकमेकांना चिकटत नाहीत. पण बोअरच्या जड पाण्यात हेच फिनेल फाटतं, वर तवंग येतो. पाण्यातले क्षार तो लेप बिघडवतात. क्षारांमुळे अशी मिश्रणं कशी पालटतात, यावर भटनागरांनी तेव्हा शोधनिबंध लिहिले होते.

लाहोरला प्राध्यापक असताना हे ज्ञान कामाला आलं. रावळपिंडीकडे खनिज तेलासाठी जमिनीत खोल भोकं पाडली जात. आपल्याकडे बोअर मारतात तसंच, पण त्यात मातीचा पातळ राडा सोडतात. खालचा चुरा वर आणायचा आणि हत्यार थंड ठेवायचं, ही त्याची कामं. खाली मिठाचा थर लागला की हा राडा गोठून घट्ट व्हायचा आणि काम अडायचं. भटनागरांनी त्यात आपल्या देशी झाडाचा डिंक घालायला सांगितलं. मातीच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांवर डिंकाचं पांघरूण बसलं. मग मीठ आलं तरी ते एकमेकांना बिलगेनात, राडा पातळच राहिला. मोठी यंत्रं नाहीत, परदेशी रसायन नाही, नुसता डिंक!

स्टील ब्रदर्स कंपनीने खूश होऊन दीड लाख रुपये देऊ केले. १९३० च्या दशकातले दीड लाख, बायांनो! भटनागरांनी ती रक्कम स्वतःसाठी न घेता विद्यापीठातून पेट्रोलियम संशोधनासाठी लावायला सांगितली. त्यातून नवा विभाग उभा राहिला, तरुण मुलांना काम मिळालं. महिनाअखेरीला किराण्याची यादी खोडताना मला हा आकडा हटकून आठवतो. संशोधनाच्या इतिहासात लाजवंतीबाईंचं नाव कुणी घेत नाही, पण असा नवरा म्हणजे संसार चालवणारीचीही परीक्षाच.

त्या १९४६ साली गेल्या. त्यानंतर भटनागरांच्या उर्दू कवितांचं पुस्तक निघालं, त्याला नाव दिलं 'लाजवंती'.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी देशात प्रयोगशाळांची साखळीच उभी केली. त्यातली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. तिचे पहिले संचालक मॅकबेन, तेही साबणाच्या रसायनातले जाणकार. १ जानेवारी १९५५ रोजी भटनागर हृदयविकाराने गेले, साठ वर्षांचे होते.

पुढे साधारण २००० सालाच्या आसपास याच पुण्याच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या नॅनो कणांवर काम झालं. नॅनो म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी लहान. पाण्यात तयार केलेल्या या कणांना चरबीच्या जातीच्या पदार्थाचा लेप दिला की ते पाणी सोडून तेलकट द्रवात निघून जातात. आत सोनं तेच, पण पाण्यात राहायचं की तेलात, हे बाहेरचा लेप ठरवतो.