पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाला वेळेत गाठणारे लुई पाश्चर

नंदुरबार : २८ सप्टेंबर हा दिवस जगभर रेबीज दिन म्हणून पाळला जातो. १८९५ साली याच तारखेला लुई पाश्चर वारले. जनावराचा आजार माणसापर्यंत येण्याची भीती काय असते, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तेव्हा माणसाला लागण झाल्याचं आढळलं नाही, पण धंदा बसला. २०२१ मध्ये तो आजार नवापुरात पुन्हा आला. असे विषाणू एका जातीतून दुसऱ्या जातीत गेले की त्यांचा स्वभाव बदलतो. हे पाश्चर यांनी विषाणू डोळ्यांनी न पाहताच ओळखलं होतं.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधल्या दोल गावी झाला. वडील कातडी कमावण्याचं काम करायचे. मुलगा शाळेत साधारणच होता, चित्रं मात्र छान काढायचा. तो आठ वर्षांचा असताना त्यांच्या भागात पिसाळलेल्या लांडग्याने बऱ्याच जणांना चावे घेतले. त्या काळी उपाय एकच, लोहाराकडे जाऊन जखमेवर तापलेल्या लोखंडाचा डाग द्यायचा. तरीही माणसं मरायची.

पुढे ते रसायनशास्त्र शिकले. डॉक्टर मात्र ते कधीच नव्हते. दारू का आंबते, दूध का नासतं, याचा शोध घेताना डोळ्यांना न दिसणारे जीव हे काम करतात हे त्यांनी दाखवून दिलं. आज पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, ते त्यांच्याच नावावरून. रेशीमकिड्यांच्या रोगावर त्यांनी काही वर्षं काढली. घरात मात्र दुःखच होतं. पाच लेकरांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या. १८६८ मध्ये त्यांना अर्धांगवायू झाला आणि शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. काम काही थांबलं नाही.

१८८१ मध्ये त्यांनी काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सच्या लसीची उघड परीक्षा दिली. शेतकरी, जनावरांचे डॉक्टर, पत्रकार सगळे बघायला आले होते. लस न दिलेल्या मेंढ्या दोन दिवसांत मेल्या, लस दिलेल्या चरत उभ्या होत्या. पण काळपुळी हा जिवाणूचा रोग, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा. रेबीजचं तसं नव्हतं. कितीही बघा, काहीच दिसायचं नाही.

मग पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांनी दुसरी वाट धरली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूतला अंश त्यांनी सशाच्या मेंदूत सोडला, त्या सशाचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. सुरुवातीला ससा आजारी पडायला साधारण पंधरा दिवस लागायचे. फेऱ्या वाढत गेल्या तसे दिवस कमी झाले आणि शेवटी सातावर येऊन थांबले. विष सशाला सरावलं होतं. माकडांमधून फिरवलं तेव्हा उलट झालं, ते कुत्र्याला पूर्वीइतकं बाधेना.

याचं कारण आज माहीत आहे. विषाणू एकटा वाढू शकत नाही, जनावराच्या पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढतो. नकला काढताना चुका होतात. ज्या चुकीने नव्या जनावरात वाढणं सोपं होतं, तीच नक्कल टिकते आणि पसरते. रानबदकात निवांत राहणारा फ्लू कोंबड्यांच्या गच्च भरलेल्या शेडमध्ये जीवघेणा होतो, त्यामागेही हेच गणित आहे.

पाश्चर यांनी सशाचा मज्जारज्जू बाटलीत कोरड्या हवेत सुकवला. जितका जुना, तितका सौम्य. ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्याची आई घेऊन आली. दोन दिवसांपूर्वी कुत्र्याने त्याला ठिकठिकाणी फाडलं होतं. पाश्चर यांना स्वतः सुई टोचण्याचा अधिकार नव्हता, म्हणून डॉ. ग्रांशे यांनी टोचली. आधी सौम्य, मग रोज थोडी कडक, अशा तेरा सुया. पोरगा वाचला. ऑक्टोबरमध्ये इतर मुलांना वाचवताना चावा बसलेला जुपिय हा मेंढपाळ पोरगाही वाचला. लुईझ पेलतिए ही मुलगी मात्र गेली. तिला चाव्यानंतर महिना उलटून गेल्यावर आणलं होतं. रेबीजचा विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे चढतो. तो पोहोचण्याआधी लस पोहोचली तरच माणूस वाचतो.

१८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर संस्था उभी राहिली. तिथे काम केलेले हाफकिन पुढे मुंबईत आले आणि त्यांनी प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. १९०० साली कसौलीत भारतातली पहिली पाश्चर संस्था निघाली.

आता लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तरी चाव्यावर तिखट, चुना लावून दिवस घालवणारे आहेत. रेबीज कुत्र्यापुरता नाही. मांजर, कोल्हा, मुंगूस, गाय, बैल, कोणालाही होतो. गाय लाळ गाळतेय म्हणून घशात काही अडकलं समजून उघडा हात घालू नये, आधी जनावरांच्या डॉक्टरला बोलवावं. कुत्रं चावलं, ओरखडलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवावी, त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पूर्ण करावेत. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दवाखाना लांब असला तरी हा हेलपाटा चुकवू नये. लक्षणं दिसू लागल्यावर वाचणारा माणूस लाखांत एखादाच.