वर्ध्याचे खानखोजे आणि मेक्सिकोचा गहू

शिरूर अनंतपाळच्या बाजूला कुणाच्या गव्हावर तांबेरा पडला, की त्या घराचा वर्षाचा हिशेबच कोलमडतो. हा रोग वाऱ्यावरून येतो, बांध घालून अडत नाही. रताळ्याचे वेगळे. तिथे रोग बेण्याच्या वेलातच दडलेला असतो आणि शेजाऱ्याने मायेने दिलेल्या वेलाबरोबर आपल्या रानात येतो. रताळ्याला निरोगी बेणे हवे, गव्हाला तांबेऱ्याला दाद न देणारे वाण. ते लहान शेतकऱ्याच्या दारापर्यंत न्यायचे कोणी, हा प्रश्न मात्र एकच. पांडुरंग सदाशिव खानखोजे या मराठी माणसाने तो मेक्सिकोत हाती घेतला होता.

खानखोजे वर्ध्याचे. टिळकांच्या प्रेरणेने क्रांतीचे वेड घेऊन ते परदेशी गेले आणि अमेरिकेत शेतकी शिकले. १९१३ मध्ये गदर पक्षाच्या उभारणीत ते होते. पहिल्या महायुद्धात वेष पालटून इराणात इंग्रजांविरुद्ध लढले, १९२१ मध्ये मॉस्को गाठले. कादंबरीत एवढे घातले, तर संपादक अतिशयोक्ती म्हणून हस्तलिखित परत पाठवील! मायदेशाची दारे बंद होती. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले, तेव्हा जगायला हाती उरली होती ती शेतकी.

तिथे क्रांती होऊन गेली होती. कुळांना जमिनी मिळू लागल्या होत्या; पण नुसत्या जमिनीने पोट भरत नाही. चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात प्राध्यापक असताना खानखोज्यांनी मक्याच्या आणि गव्हाच्या सुधारित वाणांवर काम केले. त्याहून मला मोठी वाटते ती त्यांची दुसरी गोष्ट : गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी काढलेल्या मोफत शेतकी शाळा. पीककर्जाची प्रकरणे पाहण्यात माझी उमेद गेली. अल्पभूधारक नवे बियाणे चटकन घेत नाही, तो अडाणी म्हणून नव्हे. त्याला एक हंगामही फुकट घालवणे परवडत नाही. शेजारच्या रानात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो पिशवी उघडत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

तिना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकर्तीने खानखोज्यांच्या कामाची छायाचित्रे काढली. दिएगो रिव्हेराच्या एका भित्तिचित्रात भाकरी वाटणारा गृहस्थ आहे, तो त्यांच्याच चेहऱ्याचा. १९३६ मध्ये त्यांनी एका बेल्जियन तरुणीशी लग्न केले. स्वातंत्र्य मिळाल्यावरही परतायला इंग्रजांच्या काळ्या यादीतले नाव आडवे आलेच. सरकार बदलले तरी फायली बदलत नाहीत, हे आम्हा कारकुनी जगात वावरलेल्यांना कोणी वेगळे सांगायला नको. अखेरची वर्षे त्यांनी नागपुरात काढली.

१९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत आले आणि तांबेऱ्याच्याच मागे लागले. त्यांच्या ठेंगण्या गव्हाचे १८,००० टन बियाणे भारताने १९६६ मध्ये मेक्सिकोहून आणले. ते वाण खानखोज्यांचे नव्हते, देश मात्र त्यांचा होता. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांनी डोळे मिटले. त्या रब्बीत उत्तरेकडच्या शेतांत मेक्सिकोचा गहू उभा होता.