हजीऱ्याचे मियाँ तानसेन

डिसेंबर लागला की लष्करातल्या जुन्या मराठी वाड्यांत दोनच विषय निघतात. एक थंडीचा, आणि दुसरा हजीऱ्यावर मांडव केव्हा उभा राहणार याचा. तानसेन समारोहाचे दिवस पुन्हा जवळ आले आहेत. पहिल्या सकाळी समाधीपाशी शहनाई वाजेल, ढोलीबुवा मठाची हरिकथा होईल, मिलाद होईल, चादर चढेल आणि मग संध्याकाळपासून गाण्याच्या बैठका सुरू होतील. एक सकाळ बेहटला आणि अलीकडच्या वर्षांतल्या रिवाजाप्रमाणे समारोप किल्ल्याच्या पायथ्याशी गूजरी महालात. हे सारे आपल्याला पाठ आहे. ज्यांच्या नावाने हे घडते त्या माणसाचे चरित्र मात्र आपण लहानपणी ऐकलेल्या दोन-तीन चमत्कारांपाशीच सोडून दिलेले असते.

मी गाण्याचा शिक्षक आहे. दरवर्षी शाळेतली मुले घेऊन हजीऱ्यावर जातो, आणि दरवर्षी कोणीतरी नवे मूल विचारते की गाण्याने दिवे खरेच लागले होते का. हा प्रश्न मीही एकदा विचारला होता, आणि त्याची किंमत मोजली होती. ते पुढे सांगेन. आधी चरित्र.

ग्वाल्हेरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर बेहट हे गाव आहे. तानसेनांचा जन्म तिथला असे परंपरा मानते. सालाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. सोळाव्या शतकाच्या आगेमागे एवढे धरून चालावे. घर ब्राह्मणाचे, लहानपणीचे नाव तन्ना किंवा रामतनू. गावाजवळ झिलमिल नदीच्या काठी शिवमंदिर आहे आणि ते एका बाजूला कललेले आहे. मुलाने तान घेतली आणि देऊळ झुकले, असे गावकरी आजही सांगतात. समारोहाची एक बैठक या देवळाच्या शेजारी होते. सकाळच्या उन्हात, शेतांच्या मध्ये, गावातली म्हातारी माणसे घोंगड्या पांघरून ध्रुपद ऐकत बसलेली असतात. शहरातल्या पुष्कळ रसिकांनी ती बैठक कधी पाहिलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

तानसेन ज्या ग्वाल्हेरात वाढले, ते राजा मानसिंह तोमरांनी घडवलेले होते. मानसिंहांची कारकीर्द १४८६ ते १५१६. संस्कृतातली जड रचना बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत ध्रुपद बांधायचे आणि ते दरबारात मानाने गायचे, ही रीत त्यांनी रुजवली. नायक बख्शूंसारखे गुणी त्यांच्या आश्रयाला होते. संगीतावर मानकुतूहल नावाचा ग्रंथ त्यांच्या दरबारात सिद्ध झाला; पुढे औरंगजेबाच्या काळात फकीरुल्ला नावाच्या सरदाराने त्याच्या आधाराने फारसीत रागदर्पण लिहिला. गूजरी महाल बांधला तोही मानसिंहांनीच, राणी मृगनयनीसाठी. त्याच महालात ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने संग्रहालय थाटले आणि १९२२ साली ते लोकांना खुले झाले. त्यामागे मो. ब. गर्दे यांचे परिश्रम होते, हे आपल्या मंडळींना वेगळे सांगायला नको. ग्यारसपूरची शालभंजिका पाहायला दुरून माणसे तिथे येतात. समारोपाच्या रात्री त्या चौकात तंबोरे जुळू लागले की मला वाटते, मानसिंहांच्या घरी गाणे परत आले.

कारण ते गाणे या शहरातून एकदा निघून गेले होते. मानसिंह वारले आणि थोड्याच वर्षांत किल्ला लोदींच्या हाती पडला. त्यांचे पुत्र विक्रमादित्य १५२६ साली पानिपतावर लोदींच्या बाजूने लढताना पडले. दरबार मोडला तशी गवयांची पांगापांग झाली. बख्शू कालिंजरकडे आणि पुढे गुजरातेत सुलतान बहादूरशहाकडे गेले. राज्य गेले की गवयाने काय करावे, हा प्रश्न आपल्या शहराला पुढेही पडलेला आहे. संस्थान विलीन झाल्यानंतर ज्या घरांतला तनखा थांबला, त्या घरांत मी वाढलो आहे.

तानसेनांच्या तालमीबद्दल दोन परंपरा आहेत. एक त्यांना वृंदावनच्या स्वामी हरिदासांचे शिष्य मानते, दुसरी ग्वाल्हेरचे सूफी शेख मुहम्मद गौस यांच्या चरणी नेऊन बसवते. अकबरकालीन इतिहासकार बदायुनी तिसरेच नाव देतो, ते सूर घराण्यातल्या आदिलशहाचे. सूर सुलतानांचा मुक्काम काही काळ ग्वाल्हेरला होता आणि हा आदिलशहा गाण्यात मुरलेला होता. मला यात भांडण दिसत नाही. चांगला गवई एकाच दारात शिकून होत नाही. देवळातले, खानकाहातले आणि दरबारातले असे तिन्ही संस्कार ज्यांच्या गळ्यावर झाले, त्यांच्या समाधीपाशी हरिकथा आणि मिलाद एकाच सकाळी व्हावेत, हे योग्यच आहे.

पुढे तानसेन रीव्याच्या वाघेल्यांकडे, राजा रामचंद्रांच्या पदरी राहिले. हा काळ त्यांच्या आयुष्यातला सुखाचा असावा. राजा स्वतः जाणकार, उदार, आणि गवयाला मित्राप्रमाणे वागवणारा. पण कीर्ती आग्र्यापर्यंत पोचली आणि १५६२ साली अकबराचा माणूस जलाल खान बोलावणे घेऊन आला. नाही म्हणण्याची सोय नव्हती. रामचंद्रांनी जड मनाने निरोप दिला. सांगतात की तानसेनांनी उजव्या हाताचा मुजरा कायमचा रामचंद्रांना देऊन टाकला आणि बादशहालाही पुढे डाव्या हातानेच मुजरा केला. ही गोष्ट खरी की रचलेली, ते बाजूला ठेवा. पण ती ज्याने प्रथम सांगितली त्याला आश्रित कलावंताचे मन ठाऊक होते. मुलूख जिंकला की त्यातला गवईही जिंकलेल्याचा होतो; त्याच्याजवळ स्वतःचे म्हणून काय उरते, तर असा एखादा हात.

अकबराच्या दरबारात पहिल्याच गाण्याला दोन लाखांची बिदागी मिळाल्याचे सांगितले जाते. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत दरबारातल्या छत्तीस गायक-वादकांची यादी दिली आहे. तिच्यात पहिले नाव मियाँ तानसेनांचे आहे, आणि गेल्या हजार वर्षांत असा गायक झाला नाही असा त्याचा अभिप्राय आहे. ग्वाल्हेरकरांनी ही यादी एकदा सावकाश वाचावी. बाबा रामदास, सुभान खान, श्रीग्यान खान, बीन वाजवणारे शिहाब खान, स्वरमंडल वाजवणारे बीरमंडल खान अशी दहाहून अधिक नावे ग्वाल्हेरची म्हणून नोंदलेली आहेत. हिंदुस्थानच्या बादशहाचा दरबार गात होता तो मुख्यतः आपल्या गावच्या गळ्याने. तानसेनांचे पुत्र तानतरंग खान यांचेही नाव त्यात आहे.

आता त्या दिव्यांविषयी. दीपक रागाने दिवे लागले, गवयाच्या अंगाचा दाह झाला आणि वडनगरच्या ताना-रीरी बहिणींनी मल्हार गाऊन तो शमवला, ही कथा गुजरातेपर्यंत पसरली आहे. अबुल फजलने तानसेनांची एवढी थोरवी गायली, पण ही हकीकत लिहिलेली नाही. पंधरा-सोळा वर्षांचा असताना मी हे कुठल्याशा पुस्तकात वाचले आणि उरुसाच्या गर्दीत, समाधीच्या पायरीपाशी, वडिलांना मोठ्याने सांगून टाकले.

माझे वडील दरबारी गवई. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. समारोह हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. ते अखेरपर्यंत उरूसच म्हणत आणि तिथे गाण्याला हजेरी लावणे म्हणत. मियाँचे नाव घेताना त्यांचा हात कानाच्या पाळीकडे जाई. माझे बोलणे ऐकून ते रागावले नाहीत. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत एवढेच. पुढच्या वर्षी ते एकटेच हजीऱ्याला गेले.

आज मी मुलांना वेगळ्या रीतीने सांगतो. दरबारी कानडा, मियाँ की तोडी, मियाँ की मल्हार हे राग तानसेनांच्या नावावर आहेत. दरबारीचा कोमल गंधार घ्या. तो पेटीवर सापडत नाही. जागेवर थांबून मंद आंदोलन घेत येतो, आणि मंद्र सप्तकात तो गंधार स्थिर झुलवायला वर्षे लागतात. मल्हारात कोमल आणि शुद्ध असे दोन्ही निषाद एकमेकांना लागून येतात, आणि ते नीट लागले तर आभाळ भरून आल्याचा भास श्रोत्याला होतोच होतो. पावसाची कथा याच दोन निषादांतून जन्मली असावी. ज्यांना हे साधले नाही त्यांनी चमत्कार सांगितला, आणि ज्यांना साधले त्यांनाही दुसरे शब्द सापडले नाहीत. वडील त्या दुसऱ्या वर्गातले होते, हे मला फार उशिरा कळले.

तानसेनांच्या मृत्यूची नोंद अकबरनाम्यात २६ एप्रिल १५८९ या तारखेची आहे. त्या नोंदीत एक तपशील आहे, तो शाळेच्या पुस्तकांत कधी येत नाही. बादशहाने हुकूम दिला की दरबारातल्या सगळ्या गायक-वादकांनी अंत्ययात्रेबरोबर जावे आणि लग्नाच्या वरातीत वाजवतात तसे वाजवीत-गात कबरीपर्यंत पोचवावे. ज्या गवयाला एका राजाकडून मागून आणले, त्याला निरोप देताना बादशहाला शोकाची दुसरी रीत सुचली नाही.

ही नोंद मी वाचली तेव्हा वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. ते गेले तेव्हा आमच्या घरी तेरा दिवस तंबोऱ्यांवर कापड टाकलेले होते. मला एकदा, एकदाच, षड्ज लावावासा वाटला होता. वडीलधाऱ्यांनी सुतकाची आठवण दिली आणि मी गप्प बसलो. त्यांचेही चुकले नाही. पण दिवे लागले नाहीत हे ज्याने वडिलांना तावातावाने सांगितले, त्याला ही वरातीची गोष्ट त्यांना सांगता आली नाही. ती ऐकून त्यांचा हात कानाकडे गेला असता.

तानसेनांची विद्या पुढे सेनिया घराण्यांत वाढली. पुत्र बिलास खानांकडून रबाबाची परंपरा चालली, कन्येकडून बीनकारांची. त्या बीनकार शाखेतले रामपूरचे वझीर खान आणि त्यांचे शिष्य आपल्या दरबारचे सरोदिये हाफिज अली खान. अशा वळणाने ती विद्या साडेतीनशे वर्षांनी ग्वाल्हेरला परतली. हाफिज अलींचे राहते घर आज सरोद घर नावाचे वाद्यसंग्रहालय आहे. समारोहाला येणाऱ्या पाहुण्यांना ते अवश्य दाखवावे.

हजीऱ्यावर मुहम्मद गौस यांचा मकबरा भव्य आहे. त्याच्या दगडी जाळ्या पाहून परदेशी माणसे थक्क होतात. शेजारी तानसेनांची समाधी म्हणजे खांबांवर उभी साधी, उघडी छत्री. जवळ चिंचेचे झाड. त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो या श्रद्धेने गवयांनी मूळचे झाड पार ओरबाडले. आजचे झाड नंतरचे आहे. माधवराव महाराजांनी १९१८ साली पंडित भातखंड्यांच्या साहाय्याने माधव संगीत विद्यालय काढले, आणि १९२४ साली इथल्या उरुसाला दरबारी संगीतोत्सवाचे रूप आले. त्याला २०२४ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याआधी २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान दिला.

मान मोठा आहे, रोषणाईही वाढली आहे. तरी वाचकांना माझी विनंती लहानशी आहे. रात्रीच्या नामवंतांना तर आपण जातोच; यंदा पहिल्या सकाळी जा. तेव्हा गर्दी नसते. मुलांना बरोबर न्या, चपला बाहेर काढायला लावा, आणि छत्रीपाशी शहनाई सुरू झाली की त्यांना सांगा, या माणसाला असेच वाजवीत-गात पोचवले होते. दिव्यांचे त्यांनी विचारले तर घाईने उत्तर देऊ नका. मी घाई केली होती.