विश्लेषण : पायातली गुठळी फुप्फुसात कशी पोहोचते? डॉ. विर्चो यांनी काय शोधले?

एका पायाला सूज, पोटरीत दुखणे आणि काही दिवसांनी अचानक धाप. या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण त्यामागे एकच गुठळी असू शकते. हा संबंध सिद्ध केला जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्चो यांनी.

कोण होते विर्चो?

जन्म १३ ऑक्टोबर १८२१, प्रशियातील शिवेलबाईन येथे. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. १८४३ मध्ये बर्लिनमध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते तिथल्याच शारिटे रुग्णालयात शवविच्छेदन करू लागले.

शोध कसा लागला?

फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत सापडलेली गुठळी तिथेच तयार होते, असा तेव्हा समज होता. विर्चो यांना मात्र अशा मृतदेहांत अनेकदा पायांच्या शिरांतही गुठळ्या दिसल्या. त्यांनी कुत्र्यांच्या शिरेत रबराचे तुकडे सोडले. ते रक्ताबरोबर वाहत फुप्फुसात जाऊन अडकले. ‘थ्रॉम्बोसिस’ (गुठळी होणे) आणि ‘एम्बोलिझम’ (ती वाहत जाऊन अडकणे) हे शब्द त्यांनीच रूढ केले. तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते.

गुठळी का होते?

- रक्तप्रवाह मंदावणे : दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे, तासन् तास बसून प्रवास
- रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा : अपघात, शस्त्रक्रिया
- रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढणे : गरोदरपण, बाळंतपणानंतरचे आठवडे, कर्करोग, काही गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिकता

या तीन कारणांना डॉक्टर आज ‘विर्चो ट्रायड’ म्हणतात. हे नाव मात्र त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी रूढ झाले.

पुढे काय झाले?

१८४८ मध्ये अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीला त्यांनी गरिबी आणि सरकारी अनास्था जबाबदार धरली. राजकीय भूमिकेमुळे त्यांना बर्लिन सोडावे लागले. १८५६ मध्ये ते परतले.

जानेवारी १९०२ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, चालत्या ट्राममधून उतरताना त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते पूर्ण सावरले नाहीत. ५ सप्टेंबरला हृदय निकामी होऊन त्यांचे निधन झाले.

आज याचा उपयोग काय?

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर चालवतात आणि गुठळी रोखणारी औषधे देतात, ती याच कारणांमुळे. एकाच पायाला सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर थेट रुग्णालय गाठा.