महाडचा दावा आणि डॉ. आंबेडकर

हल्लींच्या नवी मुंबईच्या आसपास, पनवेल व उरण तालुक्यांत, ज्या मंडळ्या आहेत त्यांस महाड परकें नाहीं; पूर्वींचा कुलाबा, आतांचा रायगड, हा जिल्हा एकच. त्या महाडांतील एका तळ्यावरून जवळ जवळ दहा वर्षें दावा चालला. तो ज्यांनीं लढविला त्या डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचें चरित्र आम्हीं आज वाचकांपुढें ठेवितों.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथें झाला. वडील लष्करांत सुभेदार होते. बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या साहाय्यानें ते १९१३ सालीं अमेरिकेस गेले, व पुढें लंडनास बॅरिस्टर झाले. शाळेंत ज्या मुलास पाण्याच्या भांड्यास शिवूं देत नसत, त्यानें कायद्याचा मार्ग धरावा ह्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

१९२३ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत रावबहादुर बोले ह्यांचा ठराव होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे झाले. महाड म्युनिसिपालिटीनेंही चवदार तळें खुलें केलें, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टरांनीं हजारों बांधवांसह तेथें पाणी घेतलें. त्यावरून मारहाण झाली, आणि ऑगस्टांत म्युनिसिपालिटीनें ठराव मागें घेतला. डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह ठरला, तों विरुद्ध पक्षानें कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आणिला. पुष्कळांची तुरुंगांत जाण्याची तयारी होती. तरी डॉक्टरांनीं कोणासही पाण्यास हात लावूं दिला नाहीं. त्यांच्या आयुष्यांतील हा दिवस आम्हांस फार मोठा वाटतो. रूढि अनादि आहे हें वादींस शाबीत करितां आलें नाहीं. ते महाडास १९३१ सालीं हरले, ठाण्यास १९३३ सालीं हरले, व १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टांतही हरले.

राज्यघटनेच्या मसुदासमितीचे अध्यक्ष झाल्यावर हा अनुभव त्यांच्या गांठीं होता. ती घटना २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आली. १७ व्या कलमानें अस्पृश्यता गेली. १३ व्या कलमान्वयें मूलभूत हक्क हिरावून घेणारा कायदा सरकारनें केला तरी तो तितक्यापुरता रद्द ठरतो. आणि ३२ व्या कलमान्वयें गरिबांतल्या गरिबासही थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागतां येते. पौलानें आपलें रोमी नागरिकत्व पुढें करून कैसराकडे न्याय मागितला, हें आमच्या उपदेशकांस सांगावयास नकोच.

डॉक्टर आमच्या धर्माचे नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली व ६ डिसेंबर रोजीं दिल्लीस त्यांचा अंत झाला.

१९५० सालच्या राष्ट्रपतींच्या हुकुमानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. पुढें १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती झालेले बांधव मात्र बाहेरच राहिले. ह्या हुकुमाविरुद्ध २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत जो अर्ज गेला, तो ह्याच ३२ व्या कलमाखालीं.