विजेला माप देणारे शिक्षक : जॉर्ज सायमन ओहम

आजच्या जर्मनीतील एर्लांगेन या नगरात १६ मार्च १७८९ रोजी जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म झाला. वडील कुलपे घडविणारे कारागीर होते. त्यांना स्वतःला औपचारिक शिक्षण लाभले नव्हते. परंतु हातातील काम सांभाळून त्यांनी स्वप्रयत्नाने गणित आत्मसात केले आणि आपल्या मुलांना घरीच शिकविले. जॉर्ज दहा वर्षांचे असताना मातृछत्र हरपले. सात भावंडांपैकी तिघेच जगली. त्यांतील धाकटे बंधू मार्टिन पुढे गणितज्ञ म्हणून मान्यता पावले.

विद्यापीठातील शिक्षण अर्ध्यावर सोडून जॉर्ज यांना स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचे अध्यापन पत्करावे लागले. तेथे त्यांनी स्वाध्याय सोडला नाही आणि १८११ मध्ये एर्लांगेन विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. १८१७ मध्ये ते कोलोन येथील विद्यालयात शिक्षक झाले. त्या विद्यालयाची प्रयोगशाळा सुसज्ज होती. अध्यापनाचे तास संपल्यावर ते तेथे प्रयोगांत गढून जात.

व्होल्टा यांची विद्युतघटमाला १८०० मध्येच जगापुढे आली होती. परंतु तारेतून किती वीज वाहील, हे कशावर अवलंबून असते, याचा नियम हाती आलेला नव्हता. ओहम यांचे प्रारंभीचे प्रयोग फसवे ठरले, कारण घटाचा दाबच प्रयोग चालू असताना घसरत असे. मग पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ व तांबे यांचे जोड वापरले. एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, की तापमानाच्या स्थिर फरकामुळे दाबही स्थिर राही. वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्यांनी एकामागून एक जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसूचीला मूळ जागी आणण्यासाठी द्यावा लागणारा पीळ मोजून धारेचे मान ठरविले. या मोजमापांतून नियम सिद्ध झाला : तापमान स्थिर असता विद्युतधारा विभवांतराच्या समप्रमाणात आणि रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते. ९ व्होल्टच्या बॅटरीला १००० ओहमचा रोध जोडला, तर ९ मिलिअँपिअर धारा वाहते.

१८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे स्वागत थंडपणे झाले. अपेक्षित प्राध्यापकपद मिळाले नाही आणि १८२८ मध्ये त्यांनी कोलोनची नोकरी सोडली. पुढील काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापनावर काढल्यानंतर १८३३ मध्ये त्यांना न्यूरेंबर्ग येथे स्थिर पद लाभले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक अर्पण केले. म्युनिक विद्यापीठाचे पूर्ण प्राध्यापकपद त्यांना १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळाले. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्यांचे नाव दिले.

आज आपल्या मुलांच्या हाती असणारा डिजिटल मल्टिमीटर याच नियमावर उभा आहे. विभवांतर मोजताना त्याच्या दोन्ही पिना घटकाच्या दोन टोकांना, म्हणजे समांतर, लावतात. त्या वेळी मीटरचा अंतर्गत रोध फार मोठा असतो, म्हणून तो परिपथातून नगण्य धारा घेतो. विद्युतधारा मोजताना मात्र परिपथ एका ठिकाणी तोडून मीटर एकसर जोडावा लागतो. लाल तार धारेच्या खाचेत घालावी आणि पट्टा सर्वांत मोठ्या मापापासून निवडत खाली यावे. मीटरच्या आत एक अल्प, ज्ञात रोध असतो. धारा त्यातून जाताना निर्माण होणारे विभवांतर मोजून मीटर ओहम यांच्या नियमाने धारेचा आकडा दाखवितो. रोध अल्प असल्यामुळेच धारेच्या खाचेत तार ठेवून मीटर थेट बॅटरीच्या टोकांना लावणे घातक ठरते : प्रचंड धारा वाहते आणि फ्यूज उडतो. घरातील विजेच्या बाबतीत तर अशी चूक जिवावर बेतू शकते.

ज्या मुलांच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, पण हत्यारांची पेटी आहे, त्यांना हे चरित्र अवश्य सांगावे. कुलपे घडविणाऱ्या बापाने मुलाला गणित दिले, आणि त्या मुलाने जगाला विजेचे माप दिले. प्रतिष्ठितांनी पाठ फिरविली तरी त्यांचे आकडे बदलले नाहीत. ज्याला पडताळा हवा असेल त्याने तार जोडावी आणि मोजून पाहावे.